चुलीजवळची दोन मडकी

माय, सगळ्यात आधी शेजारची थोरली सून येऊन गाडीत बसली. गुडघ्याचं कारण सांगून ती कोणाच्या लग्नालेबी जात नाही, तुले माहीतच आहे. आता तीबी आजी झाली. मी म्हटलं, "काहून वं, आज गुडघे कुठं ठेवले?" तर म्हणते, "फुकटात अमरावती पाहाले भेटून राहिली, तं गुडघे काय करतीन?"

गाडी पाठवली होती खोदकामवाल्यांनी, सापडलेलं सामान आम्हा गावातल्या बायांले दाखवाले. गावामागच्या पांढरीच्या टेकाडावर, जिथून बाबा बैलबंडीभर पांढरी माती आणून वांग्याच्या वाफ्यात टाकत, तिथं आता सुतळ्या बांधून शहरातली पोरं-पोरी खुरपीनं माती खरडत बसतात. एकीले मी सांगतलंबी, "बाई, अशा चालीनं तुझं निंदण दिवाळीलेबी होणार नाही." ती हसली. म्हणे, "आजी, इथं हजारो वर्षांपूर्वी गाव होतं. लोखंडसुद्धा माहीत नव्हतं, तेव्हाचं." म्हणजे बाबांनी ते गाव बंडीबंडीनं वावरात नेलं अन् आपण त्याची वांगी खाल्ली. हे मी त्यांच्या मोठ्या साहेबाले सांगतलं, तर तो डोक्याले हात लावून बसला. मग हसत म्हणे, वांगी चांगली होत असतील.

अमरावतीचं त्यांचं संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. काचेत पाटा, वरवंटा, मणी, जळालेले दाणे. आपल्याच स्वयंपाकघराले काच लावल्यावाणी वाटलं मले. मी तर पाट्यापाशी उभी राहून चटणीच्या गोष्टी सांगत होती. मग कोपऱ्यात दोन मडकी दिसली, आडवी ठेवलेली, तोंडाले तोंड लावून, एक बाजूनं फुटलेलं. ती खुरपीवाली पोरगी हळूच म्हणाली, "आजी, यात लहान बाळ आहे. त्या काळी बाळ गेलं की असं मडक्यात ठेवून घरातच पुरत. चुलीजवळ, जमिनीखाली."

"काहून?" मी विचारलं.

"नक्की माहीत नाही, आजी. कोणी लिहून ठेवलं नाही ना. जवळ राहावं म्हणून असेल."

माय, मी तिथंच उभी, अन् मले आपलं घर दिसून राहिलं. मी फ्रॉकमधली, उंबऱ्यात. माझा पाठचा भाऊ, नाव ठेवायच्या आधीच गेलेला, तुझ्या मांडीवर फडक्यात. तू म्हणतेस, "नाल्यावर नका नेऊ. परसात, या भिंतीपाशी ठेवा." आत्या सगळ्यांसमोर म्हणते, "येडी झाली का? घरापाशी कोणी पुरते का?" बाबा त्याले उचलून नाल्याकडं नेतात अन् पुरून वरून बोरीचे काटे टाकून येतात. तेव्हापासून तुले येडी हे नाव लागलं ते लागलंच. बाजारात वांगी विकाले बसली तरी बाया कुजबुजत. तूबी हळूहळू तेच खरं मानत गेली का, मी कधी विचारलं नाही.

गावात उतरली तशी मी घरी न जाता थोरल्या भावाकडं गेली. विधवा होऊन माहेरी आलेली आत्या अजून तिथंच आहे, खाटेवर. डोळे बरे आहेत, ऐकूबी येते. तिले सगळं सांगतलं.

"मडक्यात?"

"हो, मडक्यात."

"चुलीजवळ?"

"चुलीजवळच."

"मग पायाखाली येत नसन?"

"जमिनीत खोल असते, आत्या."

तिनं मग भावजयीले हाक मारली, "इकडं ये वं. हिची माय येडी नव्हती."

भावजय पोळ्या लाटणं सोडून आली. तिले बिचारीले काय ठाव, ती सून होऊन आली त्याच्या लय आधीची ही गोष्ट. म्हणे, "येडी कोण म्हणते त्याईले?"

"मी म्हणत होती," आत्या म्हणाली. अन् मले म्हणे, "ते मडके मले दाखव. मले उचलून न्या लागलं तं न्या."

दुसऱ्या दिवशी पांढरीवर जाऊन मी त्या पोरीले विचारलं, आत्याले अमरावतीले नेता येईन का म्हणून. संध्याकाळी ती अन् साहेब आत्याले भेटाले घरीच आले. चहा घेतला. आत्यानं त्याईले जेवल्याबिगर सोडलं नाही.

हे कागद कुठं टाकायचे मले माहीत नाही, गव्हाच्या कोठीत राहतीन. माझे अक्षरं तू पाहिले असते तर हसली असती. एक मात्र सांगते. त्या दिवशी मी मडक्यांच्या आत पाह्यलंच नाही. बाकीच्या बाया वाकून वाकून पाहत होत्या, अन् मी नजर तोंडाच्या कडेवर ठेवून उभी होती. आता आत्याचा हात धरून पाहीन म्हणते. येत्या सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो, असं सांगून गेले ते.