बाबांची खुर्ची आणि डावा कान

दिंडोशी, ८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस राजेशचा शि. सा. न.

फोनवर तू ओरडशील आणि वर सुभाषित ऐकवशील, म्हणून लिहितोय. काल आमच्याकडे पोकर झाला. आम्ही पैसे लावत नाही, काजू लावतो. पण खेळ नो-लिमिट, म्हणजे जवळचं सगळं एका डावात ढकलता येतं. माझे काजू संपले (अर्धे मीच खाल्ले), तेव्हा मी बाबांची आरामखुर्ची लावली. हातात पत्ते फालतू होते, नुसती थाप होती. मढचा तुळशीदास घाबरेल असं वाटलं. तो घाबरला नाही. त्याला कसं कळलं, देव जाणे. खुर्ची त्याच्या टेम्पोतून मासळीच्या टोपल्यांसोबत गेली. दसऱ्यापासून सहा महिने ती तुझ्याकडे यायची होती, हे मला ठाऊक आहे. रश्मी कालपासून बोलत नाही, त्यामुळे घरात जरा शांतता आहे.

आहे तसा सांभाळून घ्यावा.
राजेश

मालाड, ११ सप्टेंबर

चि. राजेशला आशीर्वाद, तूर्त राखून ठेवलेले.

ज्या खुर्चीत बसून बाबांनी माझ्याकडून शब्दरूपं घोटून घेतली, ती आता बोंबलांच्या शेजारी आहे. विवेक नावाची वस्तू तुझ्याकडे कधी होती का, ते आठवते आहे.

अरे, थाप मारताना तू डावा कान चोळतोस. बाबाही चोळायचे. जिलबीला हात लावला नाही म्हणायचे आणि कान लालबुंद. मीही चोळते, फरक इतकाच, की मला ते माहीत आहे.

रविवारी डाव तुळशीदासकडे ना? मी जाते. तू येऊ नकोस. नियम व्हॉट्सॲपवर पाठव, पत्राला वेळ नाही.

माया आहेच, पण गृहीत धरू नये.
नलिनीताई

मालाड, १५ सप्टेंबर

चि. राजेशला राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद.

तुळशीदास सज्जन आहे. मला मानाने आपल्याच खुर्चीत बसवलं. ताई काय लावणार, असं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या नमिताला दहावी होईपर्यंत संस्कृत शिकवीन. नमिता नववीत आहे. तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

तासभर मी हरले. मग हातात दोन राण्या आल्या आणि तिसरी टेबलावर उघडली. मी होतं नव्हतं ते पुढे ढकललं आणि सावकाश डावा कान चोळला. तुळशीदासचा चेहरा असा खुलला म्हणतोस. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी होती. त्याने खुर्ची लावली. पत्ते उघडल्यावर तो माझ्या कानाकडेच बघत राहिला. मला हसून हसून ठसका लागला, पाणी त्यानेच आणून दिलं. तीस वर्षं वर्गात थापा पकडल्या, पहिल्यांदाच एक खपवली.

खुर्ची घरी आली. वास यथावकाश जाईल. नमिताला शिकवणारच आहे. ती अजून रुसलेली आहे. खुर्चीत बसायला कधीही ये. न्यायची असेल तर मात्र पत्ते घेऊन ये.

नलिनीताई

दिंडोशी, १९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

खुर्ची तुझ्याकडेच राहू दे. मला तिची मुळीच आठवण येत नाही. प्लॅस्टिकची खुर्ची पाठीला उत्तम असते. पत्तेही मी कायमचे सोडले.

लोभ खुर्चीवर आहे तितका माझ्यावरही असावा.
राजेश

ता. क. ताई, हे पत्र यांनी एकाच हाताने लिहिलं. दुसरा कुठे होता ते मी बघितलं. रविवारी येतोय, काजू मी आणते. – रश्मी