तुम्ही रंगवलेली भाड्याची खोली

बाबा, आज मला तुमचा फार राग आलाय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, गेलेल्या माणसावर चिडू नये हे मलाही कळतं. पण दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून माझं डोकं फिरलंय आणि दर दुसऱ्या दारात मला तुम्हीच दिसलात.

आम्ही भाडेकरूंनी समिती केली आहे. मागणी साधी आहे: करार अकरा महिन्यांचा असो की कितीचाही, वर्षाला भाडं किती वाढवता येईल याला कायद्याने मर्यादा घाला. सोमवारी अर्ज द्यायचाय, म्हणून सह्या गोळा करत जरीपटका वस्तीत फिरत होते. एका बाईंनी भाड्याच्या घरात स्वतःच्या पैशाने ओट्याला टाइल्स बसवल्या. मालकाने त्या पाहिल्या आणि करार संपताच भाडं वाढवलं. "मग सही करा ना," मी म्हणाले. "नाही वं बाई, मालक देवमाणूस हाय. पोरीच्या लग्नात आहेर केला त्यायनं. त्यायच्या विरोधात मी काहून जाऊ?" वर मलाच चहा पाजला. आता हिच्यावर ओरडायचं तरी कसं!

तुमचं वेगळं काय होतं? कामठीच्या त्या खोलीत दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी तुम्ही पॉवरलूमवरून दोन दिवस सुट्टी घ्यायचे आणि भिंती रंगवायचे. रंग तुमचा, ब्रश तुमचा, कंबरदुखीही तुमचीच. आणि जयंतीला खीर खायला बोलवायचे कोणाला, तर घरमालकाला! त्यातली एक जयंती अजून डोळ्यांसमोर आहे: मी दहावीत आहे. मालक भिंतीवरून हात फिरवतात, खीर संपवतात आणि म्हणतात, "भाऊ, खोली तर चकाचक करून टाकली गा तुम्ही. आता कोणीही याहून जास्त देईन." पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार, हे त्यातच आलं. मला राहवत नाही. "पण काका, रंग तर बाबांनी लावला." तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर डोळे वटारता. "मोठ्यांच्या मधात बोलू नाही वं." आणि मालकांना आणखी एक वाटी खीर वाढायला मलाच सांगता. बाबा, ती वाटी आदळावी असं मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं. दोन वर्षांनी ते भाडं आपल्याला झेपेना. सामान ऑटोत भरून झाल्यावर तुम्ही परत आत गेले आणि दाराच्या कडीला तेल घालून आले. "नव्या माणसाले तरास नको," म्हणाले. मला रडूही आलं आणि तुम्हाला गदागदा हलवावंसंही वाटलं.

सह्या मात्र बऱ्याच झाल्या. सगळ्यांना मी एकच विचारत होते, घाबरता कशाला? अर्ज आता समोर टेबलावर आहे. पहिली ओळ मी माझ्यासाठी राखून ठेवली होती, ती अजून कोरी आहे. माझे घरमालक खालच्याच मजल्यावर राहतात, करार पुढच्या महिन्यात संपतो आणि लेकीची बारावी आहे. मघाशी पेन हातात घेतलं ते सही करायलाच, बाबा. त्या पेनने हे पत्र लिहीत बसले.