शंभरात वीस

प्रिय निशा,

तुला आज्जीचा जय भीम, अन् गालाला एक मुका.

फोन सोडून आज्जी कागद घेऊन बसली, म्हणून तुला नवल वाटंल. पण फोनवर तू मला बोलू देतीस व्हय? गोळी घेतली का, जेवलीस का, दार नीट लावलंस का, एवढं विचारतीस अन् कॉलेजला उशीर होतोय म्हणून ठेवून देतीस. पुण्यात सगळ्यांनाच घाई दिसती. कागदाला घाई नाय. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

आधी घरचं सांगते. गॅसची टाकी संपली, ती परवा मी एकटीनं बदलली. फस्सकन आवाज आला तशी मी ओरडले, तर शेजारची कस्तुराबाई लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं चोर शिरला. मग दोघी हसत बसलो, तिची भाकर तिकडं तव्यावर करपली. ती आता रोज माझ्याकडंच झोपायला येती. लई घोरती. मी तिला म्हणलं, बाई, तुझ्या भ्यानं पडेगावची कुत्री भुंकायची बंद झाली. बीपी तपासायला मी माझी मी जाते. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आज्जी, माझ्यापेक्षा तुमचंच बरंय. अन् पौर्णिमेला विहारात खीर माझ्याच हातची लागती सगळ्यांना, त्यामुळं आजारी पडायला सवडच नाय.

आता खरी गंमत ऐक. मंगळवारी मी औरंगपुऱ्याला गेले होते, ऋतुराज सरांकडं. व्हय, तुझ्याच सरांकडं, बाहेरदेशीच्या मोठ्या विद्यापीठात कुणाचा नंबर लागंल याचा अंदाज सांगतात ते. दिवाळीत तू मला नेलं होतंस अन् बाहेर बाकावर बसवलं होतंस, आठवतं का? आत जाताना उड्या मारत गेलीस, अन् घरी येताना रिक्षात तोंड बाहेर करून बसलीस. तेव्हापासून माझ्या जिवाला टोचणी होती. म्हणलं आपणच विचारून यावं. दौलताबादच्या रोडवरचे जांब, तुम्ही पुण्यात पेरू म्हणता ते, घेतले पिशवीभर, रिकाम्या हातानं कसं जायचं?

सरांनी ओळखलं मला. विचारलं, निशा सारखी नाव घ्यायची त्या लंडनच्या विद्यापीठाचं कसं काय, तर म्हणले, तिथं चार-पाच टक्केच आहे. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, सर, आमच्या पोरीला दहावीला ब्याण्णव होते, चार कुठून आले? पेपर पुन्हा तपासायला लावा! पस्तीसच्या खाली तर आमच्या काळातही नापासच करायचे. बिचारे हसून हसून लाल झाले, मला चहा मागवला, अन् समजावून सांगितलं. हे मार्क नाहीत म्हणं. शंभर पोरं अर्ज करतात, त्यातली चार-पाच घेतात. मग मला उरलेल्या पोरांचंच वाईट वाटायला लागलं.

पण तुझं निराळं आहे म्हणले. तिथं नुसते मार्क बघत नाहीत, पोरगी काय करती तेबी बघतात. तू आपल्या भागातल्या विहिरींचं पाणी तपासलंस ना, बाटल्या माझ्या डोक्यावर देऊन उन्हात हिंडवलंस मला, ते काम लई वजनाचं आहे म्हणं. सरांनी बोटांवर हिशेब केला अन् तुला दिले शंभरात वीस. मी म्हणलं, शंभर म्हणून टाका की, तुमचं काय जातंय? तर म्हणले, आज्जी, शंभर मी कुणालाच सांगत नसतो, खोटं पडतं.

अन् मग चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणले, पण तिनं ते लंडनचं नाव दिवाळीतच यादीतून काढायला लावलं. नंबर लागणार नाय म्हणून नव्हं. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, मी पुण्याहून आणखी लांब गेले तर आज्जी पार एकटी पडंल, जवळचीच कॉलेजं सांगा, असं म्हणली.

मी उरलेला चहा प्यायले नाय. जांब ठेवले अन् उठले.

निशा, त्यापायी हे पत्र. टाकीचं, कस्तुराबाईचं, खिरीचं मी उगाच नाय सांगितलं. सर तुझा अंदाज काढतात, आता माझा मी काढलाय. आज्जी इथं एकटीनं सुखात राहील का? शंभरात नव्व्याण्णव. शंभर म्हणत नाय, खोटं पडतं. तो एक उरतो तो संध्याकाळी दोन ताटं काढते अन् एक परत ठेवते, त्याचा. तेवढा राहू दे माझ्याकडं. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, सरांना मी विचारून आले. लंडनचं नाव परत घाल अन् अर्ज भर. लागला नंबर तर जा, नाय लागला तर जांब खायला ये. पण माझं नाव सांगून मागं फिरू नकोस.

तुझीच, बाटल्या वाहणारी
आज्जी गोजरबाई