मोजपट्टीचं खरं नाव

ता. ४ जून

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, पंखा दुरुस्त झाला, तुझं पार्सल मिळालं. चप्पल आईला मोठी होते, पण धाकटीने पाठवलीय म्हणून पुढे कापूस कोंबून घालते. मी आणलेली अगदी मापाची होती. ती कपाटात आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू "हं, हं" म्हणत टाइप करत असतेस. ते मला ऐकू येतं.

मोठी बातमी म्हणजे तुझं सॉफ्टवेअर आमच्या लॅबमध्ये येऊन ठेपलं. मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं. माझं काम तुला माहीत आहे. प्लेटवर पेशंटचे जंतू वाढवायचे, त्यावर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पडलेलं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. वर्तुळ लहान असेल तर जंतू त्या औषधाला जुमानत नाही. ही वर्तुळं मोजून मोजून माझे डोळे गेले. ते वर्षभराचे आकडे तुझ्या सॉफ्टवेअरने चहा निवायच्या आत गिळले आणि सांगून टाकलं, कोणतं औषध अजून चालतं आणि कोणतं हातचं गेलं.

मॅडम म्हणाल्या, "फुकट आहे आणि आतलं सगळं उघडं आहे. कोणीही बघा, कोणीही सुधारणा सुचवा. जिने हे बनवलं तिला एकदा भेटायला हवं." मी वहीत डोकं घातलं. पण शेजारच्याला राहवेना. "अहो, ही तिची बहीण!" सगळे असे वळून बघायला लागले की मी जणू आत्ताच नोकरीला लागलेय. तेव्हापासून मी 'तिची बहीण'. पोटात दुखलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

आईने भाजीवालीला सांगितलं, "धाकटीचं सॉफ्टवेअर देशोदेशी चालतं." तिने विचारलं, "केवढ्याला देते?" फुकट म्हटल्यावर भाजीवालीने आईकडे इतक्या दयेने पाहिलं की आई अजून काळजीत आहे. मी तुझी बाजू घेतली, हे लक्षात ठेव.

आणि हा मोजपट्टी कोण गं? प्रत्येक फोनमध्ये मोजपट्टीने चूक दाखवली, मोजपट्टीने सुचवलं. कधी न पाहिलेला माणूस, टोपणनावाने लिहितो आणि तू त्याच्यावर खूश. तुमचं लिहिणं उघडंच असतं, म्हणून वाचलं. तो म्हणतो, एकाच पेशंटचे नमुने पुन्हा आले तर सॉफ्टवेअर ते एकदाच धरतं, हे बरोबर. पण पुष्कळ हॉस्पिटलांत पेशंट परत भरती झाला की त्याला नवा नंबर मिळतो. मग एकच आजोबा चार माणसं होतात आणि त्यांच्या एका हट्टी जंतूपायी चांगलं औषध निकामी दिसायला लागतं. तेव्हा नाव आणि जन्मतारीख जुळली तर सॉफ्टवेअरने निदान सावध करावं. त्यावर तू लिहिलंस, "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचे आभार कसे मानू?"

बारके, हेच मी तुला सुट्टीत जेवताना सांगितलं होतं. तू म्हणालीस, "ताई, तुमच्या लॅबपुरतं ठीक आहे गं, पण हे वेगळं असतं. भाजी वाढ ना."

मी भाजी वाढली होती. असो. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

*

ता. २१ जून

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय म्हणजे पडूनच राहायचं. पोटावर लॅपटॉप ठेवून "मी पडलेच आहे" म्हणायचं नाही. आई तर आजच निघायला बसली होती. तिकीट मिळालं की येईलच, कापसाच्या चपलेसकट.

आता तू विचारलेलं. कोणी सुधारणा पाठवली की ती तपासून आत घ्यायची की परत करायची, हे आजवर तू एकटी ठरवत होतीस. आता पुढचे काही महिने त्याच्या किल्ल्या कोणाच्या तरी हातात द्यायला हव्यात. एवढी हॉस्पिटलं त्या आकड्यांवर औषधं ठरवतात, एक चुकीचा बदल आत शिरला तर भलत्याच माणसाला भलतंच औषध जाईल. आणि तुझ्या मते या कामाला मोजपट्टीसारखा माणूस नाही. "ताई, तोंडही न पाहिलेल्या माणसावर विश्वास ठेवू का?"

नको ठेवू.

विचारलंस म्हणून सांगते. नाव लपवणारा माणूस नावाबरोबर आणखीही काही लपवत असणार. आणि तो काही फार मोठा लागून गेलेला नाही. मागे त्याने सुचवलं होतं की वर्तुळ ना मोठं ना लहान, मधलंच आलं, तर औषध चालत नाही असंच धरा. साफ चूक. तू त्याला समजावलंस की मधलं म्हणजे औषध चालतं, पण डोस वाढवावा लागतो. असं औषध बाद केलं तर डॉक्टर उगाच आणखी जालीम औषधाकडे वळतील आणि उद्या तेही हातचं जाईल. किती हळुवारपणे लिहिलं होतंस! वर "तुमची शंका रास्त आहे, मीही आधी असंच समजत होते" अशी फुंकर. मी चुकले की "अगं ताई, असं नसतं", की संपलं. त्याला पानंच्या पानं आणि मला पोस्टकार्डावर मावेल एवढं. तुझं परवाचं पत्रही निम्मं त्याच्याबद्दलच होतं.

तुला राग येईल. येऊ दे. मला त्या माणसाचा मत्सर वाटतो, आणि तरीही माझा सल्ला तोच. दुसरं कोणीतरी बघ.

तुझी,
ताई

*

ता. ३ जुलै

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. आई पोचल्याचा फोन आला. ती तुला उठू देत नसेल, ते उत्तम. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तू माझं ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं नको, आणि तू मोजपट्टीला खासगीत नकार कळवलास. मला कसं कळलं, असं तुला वाटेल. तो निरोप माझ्याकडे आला, बारके. मोजपट्टी मीच आहे.

आता जरा पाणी पी आणि मग पुढे वाच.

सुट्टीतल्या त्या जेवणानंतर मला इतका राग आला होता की तीच गोष्ट परक्याच्या नावाने लिहून पाठवली. म्हटलं, बघू या आता काय म्हणते. टोपणनाव सुचेना, समोर वर्तुळं मोजायची पट्टी पडली होती. तू आभार मानलेस तेव्हा आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच सांगायचं होतं. पण तू त्याला खासगीतही लिहायला लागलीस. कशी अडलीस, काय जमलं नाही, कुठल्या हॉस्पिटलच्या आकड्यांनी तुझी झोप उडवली. एकदा लिहिलंस की लोक वाहवा करतात पण तपासून कोणी बघत नाही, त्याचीच भीती वाटते. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं तुला भीती वाटतच नाही. मी मुद्दाम चुका शोधायला लागले, की तुझं पत्र यावं. ती मधल्या वर्तुळाची चूक मात्र मुद्दाम केलेली नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

आणि गंमत बघ, मला त्याचाच मत्सर वाटायला लागला. माझ्याच बोटांनी लिहिलेल्या माणसाचा. तुझं ते सगळं बोलणं त्याला मिळत होतं आणि ताईला मिळत होता चपलेचा नंबर. तू मला किल्ल्यांचं विचारलंस तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर त्या माझ्याच हातात आल्या असत्या. मनातून मला त्या हव्याही होत्या. पण त्या तू त्याला देणार होतीस. ते मला बघवेना. मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तुझा नकार मी पुन्हा पुन्हा वाचलाय. तू त्याला लिहिलंस, "माझी ताई नको म्हणते. तिची सगळी नोकरी प्लेट बघण्यात गेली. जंतू आणि माणसं दोन्ही तिला माझ्या आधी ओळखू येतात. मी हे तिला तोंडावर कधी सांगत नाही, ती लगेच डोक्यावर चढून बसेल."

चढले आहे. उतरवून दाखव.

पण बारके, हे मला सांगायचं होतंस गं. एकदा तरी, भाजी मागायच्या आधी.

किल्ल्यांचं काय ते आता तूच ठरव. मला दे, नाहीतर आणखी दुसऱ्या कोणाला दे. पट्टी घेऊन मी इथेच आहे, तपासायचं ते तपासत राहीन. मात्र राग आला तर मोजपट्टीला कळवू नकोस, मला लिही. पानंच्या पानं लिही.

त्या निरोपाच्या शेवटी तू म्हटलं होतंस, "तुमचं खरं नाव कळवलंत तर मी तिला पुन्हा विचारून बघेन."

कळवते.

ताई