पेडणेकरकाकांचा खोकला

नेरूळ, १२ जानेवारी १९९६

माय,
तुला आणि दादाला जय भीम.

घर घेतलं! दोन खोल्या आहेत, नळाला दोन्ही वेळ पाणी. आता माझी काळजी सोड.

फक्त पाकिटावर माझं नाव घालू नकोस, पेडणेकरकाकांचं घाल. लॉटरीत घर त्यांना लागलेलं. नियमानं ते पाच वर्षं विकता येत नाही, म्हणून सोसायटीत मी त्यांची भाची. त्यांनी मुखत्यारपत्र करून दिलंय. वकील म्हणाले, "मॅडम, टेन्शन नको. फक्त माणूस जिवंत पाहिजे. तो गेला की हा कागद रद्दी."

काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. काल जिना चढताना फार खोकत होते.

तुझा गुडघा कसा आहे? दादाबरोबर अडुळशाचा काढा पाठव, मोठी बाटली. माझ्यासाठी नाही गं, मी ठणठणीत आहे.

तुझी लेक,
क्रांती