चार ट्यूब आणि एक शटर

५ जानेवारी, सोमवार
बीदरला स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. सोरायसिसच हाय म्हणाले. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे. कोणाला लागण होत न्हाई, पण नेमानं मलम लावावं लागतं. चार ट्यूब दिल्या. सकाळ-संध्याकाळ, आठ आठवडे. बोटाच्या शेवटच्या पेरावर बसंल एवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. २ मार्चला रिकाम्या ट्यूब घेऊन या म्हणाले. मी काय शाळेतलं पोरगं हाय का?

पण ह्या वेळी पक्कं ठरवलंय. धाकटी बहीण धनलक्ष्मी, तिच्या पप्पूचं जावळ ८ मार्चला मैलारच्या खंडोबाला हाय. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आणि सख्खा मामा मी एकटाच. तिची सासू सुशीलाबाई माझ्या कोपराकडं बघून लेकरू उचलून घेते. डॉक्टरांनी धनलक्ष्मीच्या फोनवर सासूला समजावून सांगितलं, तेव्हा एका अटीवर कबूल झाली: मामानं औषध पुरं करायचं. एवढंच. आठ आठवडे म्हंजे काय, चुटकीसरशी जातील.

६ जानेवारी
सकाळी लावलं. शर्टाच्या बाह्या चिकट. दुकानात बियाण्याच्या बिलाचा कागद कोपराला चिकटून आला, गिऱ्हाईक हसलं. दुकानाचं शटर बी आज अर्ध्यावर अडकलं, कर्रकर्र करून सगळ्या हुलसूरला जागं केलं. संध्याकाळी लावू.

७ जानेवारी
कालच्या संध्याकाळचं राहिलं. आजपासून मोबाईलवर अलार्म.

९ जानेवारी
अलार्म ऐन गर्दीत वाजतो. बंद केला. नेम मनात असावा लागतो.

१४ जानेवारी, संक्रांत
सणाला नवीन शर्ट. नव्या कापडाला मलमाचे डाग पाडायचे का? अंबिका म्हणाली, लावा की. बायकोला कापडाची कदर न्हाई. उद्यापासून सलग.

२० जानेवारी
कल्लप्पा भांडायला आला. हरभऱ्यावरची घाटेअळी हटंना, औषध डुप्लिकेट दिलंस म्हणून. पुरावा म्हणून रिकामी बाटली टेबलावर आपटली. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की फवारणी एकदाच केली, तीही निम्म्या शेतात. बाकीचं औषध मेहुण्याला दिलं. चार लोकांसमोर मी बोललो, "रिकामी बाटली दाखवून पीक सुधरत न्हाई, कल्लप्पा. डोस म्हंजे डोस." बाटली उचलून गेला. ह्या लोकांना शिस्त कामून न्हाई, देव जाणे.

माझं राहिलंच. संध्याकाळी लावू.

२ फेब्रुवारी
एक ट्यूब दुकानात, एक घरी, एक गाडीच्या डिक्कीत अशी योजना केली. कुठंबी असलो तरी हाताशी. हुशारी म्हणतात ती हीच. चौथी सापडंना.

११ फेब्रुवारी
चौथी सापडली. अंबिकानं देवघरात ठेवली होती. तिथं तरी रोज दिसंल म्हणाली. टोमणा हाय. दोन दिवस तिच्याशी बोलणार न्हाई.

१९ फेब्रुवारी
धनलक्ष्मीचा फोन. "अण्णा, लावायलास नव्हं?" मी म्हणालो, व्हय की. खोटं न्हाई. ६ जानेवारीला लावलंच होतं, मधे दोन-चारदा लावलं असंल. ती म्हणाली, सासूबाईला मी रोज सांगायले, आमचा अण्णा एक दिवस चुकवत न्हाई. फोन ठेवल्यावर लाज वाटली. दोन्ही कोपरांना लावलं. गुडघ्यांना संध्याकाळी लावू.

१ मार्च, रविवार
उद्या बीदर. तीन ट्यूब अखंड, चौथी पाऊण. मोजून बघितलं, आता अंगाला लावायचं म्हटलं तर म्हशीला बी पुरंल. डॉक्टर माणूस चांगला, उगं कामून दुखवायचं? आणि औषध वाया बी घालवायचं न्हाई. चारही ट्यूब शटर ज्यात सरकतं त्या दोन्ही पट्ट्यांत पिळल्या. काय गुळगुळीत झालंय. हे डोकं बी.एस्सी. ॲग्रीशिवाय चालत न्हाई.

२ मार्च
डॉक्टरांनी रिकाम्या ट्यूब बघितल्या, मग कोपरं बघितली. कपाळाला आठ्या. एवढं लावूनबी फरक न्हाई म्हंजे मलमानं भागायचं न्हाई म्हणाले. मलम बंद केलं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, लिव्हर-किडनी सगळं. रिपोर्ट आल्यावर जड गोळ्या. घरी येस्तोवर घाम सुटला. सांगावं वाटलं, पण खोलीत कंपाउंडर आमच्याच गावचा. माझं गिऱ्हाईक.

८ मार्च, रविवार
मैलार. धनलक्ष्मीनं फोन करून आणायला सांगितलेल्या रिकाम्या ट्यूब सगळ्यांदेखत मागून घेतल्या आणि सासूच्या हातात दिल्या. बघा म्हणाली, चारही संपवल्या आमच्या अण्णानं. तोंडावर काय तेज होतं तिच्या.

सुशीलाबाईनं एकेक ट्यूब दाबून बघितली. माझी बाही वर केली. वाईट बोलली न्हाई. हळूच म्हणाली, "चार ट्यूब पचवून बी जो रोग हटत न्हाई, तो लई वाईट असतो बाई. डॉक्टराला काय ठावं."

एका वाक्यात मिटलं असतं. मी लावलंच न्हाई, एवढंच बोलायचं होतं. न्हावी वस्तरा धरून उभा, सगळे पाव्हणे माझ्याकडं बघायले, त्यात निम्मे माझ्या दुकानातून औषध नेणारे. मी बाही खाली ओढली.

चुलतभाऊ बालाजीच्या मांडीवर जावळ झालं. पप्पू माझ्याकडं हात करून रडत होता. मी लांब चिंचेखाली बसलो.

९ मार्च
सकाळी धनलक्ष्मीचा फोन. रडायली. "अण्णा, खरं सांग, तुला मोठं काही झालंय का? हैदराबादला जाऊ, मी येते संगं." मी म्हणालो, तसं काही न्हाई. ती ऐकंना. मैलारला नवस बोलून आलीय, माझ्यासाठी.

दुकान उघडलं. शटर एका बोटानं वर गेलं, आवाज न्हाई. पट्टीच्या कोपऱ्यात थोडं मलम उरलेलं दिसलं. खरवडून काढलं. बोटाच्या शेवटच्या पेरावर बसंल एवढंच, गंजानं काळं झालेलं. बाही वर केली. तेवढ्यात कल्लप्पा आला.

संध्याकाळी बघू.