पाच लिटरचा डबा

भाऊ, मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. ती धुळ्याला कॉलेजात जाते, त्यामुळे माझं बोलणं तिच्या पेनातून खाली उतरेपर्यंत अंघोळ करून, वेणी घालून येतं. तसं नको म्हटलं तर म्हणते, "आजी, मग वाचणाऱ्याला कळायचं नाही." वाचणारा कोण, ते तिला अजून सांगितलेलं नाही. तू जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. मला अक्षर येत नाही, हे तुला माहीतच आहे. तूच एकदा पाटी घेऊन बसला होतास आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास, "हिच्या डोक्यात म्हशी भरल्या शेतस." म्हशी राखायला मला लावून शाळेत कोण गेलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारत नाही. आज दुसरंच बोलायचं आहे.

तुझी ती निळी गाडी आठवते? तुला नाही तर कुणाला आठवणार म्हणा. जुनी, कुणीतरी वापरून सोडलेली, डिझेलवर चालणारी, वर टर्बो का काय ते बसवलेलं. तू मला समजावलं होतंस की टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात हवा कोंबणारा पंखा, हवा जास्त मिळाली की तेवढ्याच डिझेलात जास्त ताकद निघते. मला त्यातलं एवढंच कळलं की चढावर ती शीळ घालते. फाट्यावरनं शीळ ऐकू आली की मी तव्यावर भाकरी टाकायची. जळगावहून, मेहरूणच्या तुझ्या घरातून, पिंपळनेरच्या पलीकडच्या माझ्या गावात तू महिन्यातून एकदा यायचास. भरताची वांगी आणायचास, दोन दिवस राहायचास, माझ्या हातची कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी खाऊन वर तिला नावं ठेवायचास. एसटीनं तुला येता येत नव्हतं. ते लघवीचं दुखणं लागलं होतं ना तुला, दर अर्ध्या तासाला उतरावं लागायचं. मी म्हणायचे, "कंडक्टरले सांग ना, मना भाऊसाठे बेल मारत जाय." तू चिडायचास. पण खरं तेच होतं. गाडी होती म्हणून तू येत होतास. आई-आबा गेल्यावर माहेर म्हणजे तू, आणि तू म्हणजे ती गाडी.

मग ती गाडी डिझेल प्यायला लागली. त्या हिवाळ्यात तू आलास तो तोंड उतरवूनच. मी चुलीपुढे आणि तू पाटावर. "लिटरमागे नऊ किलोमीटर देते," म्हणालास. "चौदा द्यायला पाहिजे. मागून काळा धूर निघतो. पोरगा म्हणतो, बाबा, अजून दोन महिने बघू, बारा-तेराच्या वर ॲव्हरेज गेलं नाही तर ही विकून टाकू." तुझा पोरगा, माझा भाचा, तेव्हा जळगावात नोकरीला होता आणि घर त्याच्यावर चाललं होतं. वाईट नव्हता रे तो, बरोबरच बोलत होता. मी विचारलं, "आन् मंग तू कसा येशी?" तू भाकरीचा पापुद्रा काढत बसलास. म्हणालास, "मंग तूच येत जाय." मी कुठली येणार? घरात सासू अंथरुणाला खिळलेली, गोठ्यात दोन म्हशी.

तू काही हातावर हात ठेवून बसला नाहीस. टपावरचं कॅरियर काढून माझ्या गोठ्यात ठेवलंस, म्हणालास उगाच वजन आणि वारं अडतं. चाकांत हवा नीट भरून घेतलीस. हवेची जाळी काढून अंगणात आपटलीस, माझी वाळत घातलेली मुगाची डाळ काळी केलीस आणि मलाच म्हणालास, "डाळ इथे कसाले टाकस?" पायाखाली अंडं ठेवल्यासारखा पाय ठेवून गाडी चालवायची, असं घोकत होतास. आणि मोजायची रीत सांगितलीस: धुळ्यात टाकी तोंडापर्यंत भरायची, माझ्याकडे यायचं, परत धुळ्यात जाऊन त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावेल तेवढं गाडीनं प्यायलं. मी ऐकत होते. तुला वाटत होतं माझ्या डोक्यात म्हशी आहेत. मी मात्र विचार करत होते की मधल्या वाटेत टाकी माझ्या अंगणात उभी असते.

विहिरीवरच्या इंजिनासाठी आमच्या पडवीत डिझेलचं पिंप असायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू जेवून आडवा झालास, घोरायला लागलास. सदरा खुंटीवर, चावी खिशात. मी पाच लिटरचा पत्र्याचा डबा भरला, नरसाळं घेतलं आणि तुझ्या टाकीत ओतला. गटगट आवाज होतो आहे आणि मी खोकते आहे, तो आवाज झाकायला. नंतर हात राखेनं घासले, चिंचेनं घासले. संध्याकाळी तू भाकरीचा तुकडा नाकाजवळ नेलास. "बाई, भाकरीले डिझेलना वास का येस?" मी म्हटलं, "तुना मिशीले येस." तू हसलास. खाल्लीस. मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू. वाटलं, जन्मात एकदा मी या शिकलेल्याला फसवलं.

पुढच्या महिन्यात तू आलास तो गाडीतूनच ओरडत. "तेरा! तेरा दिलं गाडीनं!" लहान पोरासारखा अंगणात उभा. मी म्हटलं, "असं का? कॅरियर एवढं जड होतं?" तू म्हणालास, कॅरियर नाही, हवा नाही, खरी करामत वेगळीच. येताना-जाताना जिथे उतार लागेल तिथे तू इंजिनच बंद करत होतास. मला बसवलंस आणि दाखवायला घेऊन गेलास, गावाबाहेरच्या त्या लांब उतारावर. चावी फिरवलीस आणि सगळं गप्प झालं. नुसता वारा, चाकांचा आवाज. "उतारवर गाडी आपेआप चालस," तू म्हणालास, "इंजिनले फुकट कसाले खावाडानं?" खाली वळणाशी मी पाहिलं, तू ब्रेकवर दोन्ही पाय दिले होते. मानेच्या शिरा ताठ झालेल्या. मी विचारलं, "दोन पाय कसाले?" तू म्हणालास, "इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो. चालायचंच." मी म्हटलं, "बठ्ठं तुनंच खरं शे, भाऊ." सगळं तुझंच खरं, असं माझ्या नेहमीच्या थट्टेच्या आवाजात म्हटलं.

तेव्हाच बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, की ते तेरा तुझ्या करामतीचे नाहीत, माझ्या डब्याचे आहेत. पण तू किती दिवसांनी छाती काढून चालत होतास. आणि सांगितलं असतं तर गाडी विकली गेली असती, तू आला नसतास. दुपारी तू झोपलास आणि मी पुन्हा डबा ओतला. तू जाताना म्हणालास, "धुळ्याच्या मेकॅनिकला टर्बो उघडून बघायला सांगितलं होतं, त्याला आता नको म्हणून सांगतो. गाडी सुधारली."

तिसऱ्या महिन्यात मी शीळ ऐकली. फाट्याच्या चढावर ऐकली आणि तव्यावर भाकरी टाकली. मग चढ संपून उतार लागला असणार, कारण शीळ थांबली. मी भाकरी उलटली. दुसरी टाकली. ती करपली तरी मी ऐकतच बसले होते. मग शेजारचा माणूस पळत आला. वळणावर कांद्याचा ट्रक उभा होता. गाडी काही चिरडली नव्हती रे, पुढूनच चेपली होती, पण तू पुढेच होतास. तुझे दोन्ही पाय ब्रेकवर होते. लोकांना ते सोडवावे लागले. मागच्या सीटवर वांगी होती, एकालाही डाग नव्हता.

तेराव्याला भाचा माझ्याजवळ येऊन बसला. गाडी धुळ्याला त्याच मेकॅनिककडे ओढून नेली होती. म्हणाला, "आत्या, मेकॅनिक म्हणत होता, टर्बोचा रबरी पाइप खालून फाटला होता. हवा इंजिनात जायची ती बाहेरच जात होती, म्हणून काळा धूर, म्हणून ॲव्हरेज नाही. हातभर पाइप. बदलायला अर्धा तास." मग म्हणाला, "पण मग शेवटी तेरा कसं देत होती, तेच त्याला कळत नाही." मी पदर डोळ्याला लावला. तो म्हणाला, "मी विकायचं म्हटलं नसतं तर बाबांनी उतारावर इंजिन बंद केलं नसतं. मीच घालवलं त्यांना." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "नाही रे बाळा." एवढंच म्हटलं. तो दुःखातल्या माणसाला सगळेच म्हणतात तसं समजला.

भाऊ, तो आता निवृत्त झाला आहे. केस पांढरे झाले. त्यानं नंतर कधी स्वतःची गाडी घेतली नाही, ऐपत असून. लग्नकार्याला एसटीनं येतो आणि त्या उतारावर बस आली की डोळे मिटून घेतो, असं त्याची बायको सांगते. दर दिवाळीला मला लुगडं आणतो. पाया पडतो. मी आशीर्वाद देते आणि भाकरी वाढते. तिसऱ्या महिन्यासाठी भरलेला डबा मी आदल्या दिवशीच गोठ्यामागे तयार ठेवला होता. तो तसाच राहिला. ते डिझेल मी विहिरीवरच्या इंजिनाला घातलं नाही, कुणाला दिलं नाही. डबा गंजून तळ गेला तेव्हा एकदाचं जमिनीत मुरलं. तिथे अजून गवत उगवत नाही.

नातीनं पेन ठेवलंय. माझ्याकडे बघते आहे. तुझ्या पोराला ती मामा म्हणते. विचारते, "आजी, हे मामांना द्यायचं का? या रविवारी येणारच आहेत." मी म्हटलं, "आधी तू लिही." तर लिहून घे, पोरी: त्याला वाचता येतं, म्हणून त्याला देत नाही. तुला सांगते आहे, भाऊ, कारण तू वाचणार नाहीस. कागद घडी करून मला दे. माझ्या पेटीत राहू दे. तिथे तो कुणी वाचणार नाही, मी तर नाहीच.